फावल्या वेळाची खतावणी

सुट्यांच्या बाबतीत आम्हा बँकवाल्यांचा अधिकार समाजाने केव्हाच मान्य केलेला आहे. ‘आज कशाची सुटी?’ हा प्रश्न लोक पंचांगाला विचारत नाहीत, बँकेच्या बंद दाराला विचारतात. तेव्हा या विषयावर मी चार शब्द लिहिले तर कोणी हरकत घेऊ नये.

सुट्यांची एक फार जुनी यादी मला मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात सापडली. त्या ग्रंथातल्या पुष्कळ मजकुराशी माझे भांडण आहे, पण सुट्यांच्या बाबतीत माणूस सढळ हाताचा होता हे कबूल करायला हवे. वेद कोणत्या दिवशी शिकवू नयेत याला अनध्याय म्हणतात. अमावास्या बंद, पौर्णिमा बंद, अष्टमी बंद, चतुर्दशी बंद. शिवाय धुळीचे वादळ उठले तर बंद, कोल्हे ओरडले तर बंद, गाढव ओरडले तरी बंद. आणि भूकंप झाला, तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत बंद!

हे शेवटचे कलम वाचून मी पुस्तक मिटले आणि खिडकीतून बाहेर पाहिले. मी राहतो कोयनानगरला. इथे धरण भरू लागल्यापासून पाच रिश्टरच्या वरचे वीसाहून अधिक आणि चारच्या वरचे दोनशेच्या आसपास धक्के बसलेले आहेत, त्याखालचे हजारोंनी. नवीन बदलून आलेला माणूस पहिल्या धक्क्याला अंगणात धावतो, दुसऱ्याला दारापर्यंत जातो आणि तिसऱ्याला नुसता कपातला चहा सांभाळतो. मनूचा नियम इथल्या शाळेने पाळला असता, तर १९६७ साली पहिलीत बसलेली मुले अजून दुसरीची वाट पाहत बसली असती.

मात्र त्या यादीत एक उणीव आहे. सुटी केव्हा घ्यावी हे सगळे लिहिले आहे, पण त्या सुटीत पोराने करायचे काय, यावर एक अक्षर नाही. बारा वर्षे गुरूच्या घरी राहणारे ते चौदा-पंधरा वर्षांचे बटू, गाढव ओरडल्यावर दिवसभर काय करत असतील? गाढव पुन्हा ओरडावे म्हणून खटपट करत असतील, असा माझा अंदाज आहे.

हा प्रश्न मला पडण्याचे कारण म्हणजे आमचे चिरंजीव. वय पंधरा पूर्ण, नववी उत्तीर्ण, दहावीचा उंबरठा. त्याच्या वयाला मराठीत धड शब्दही नाही. ‘कुमार’ म्हणावे तर सिनेनटाचे नाव वाटते, ‘किशोर’ म्हणावे तर मासिकाचे, आणि ‘पौगंडावस्था’ हा शब्द ऐकल्यावर डॉक्टरला दाखवून आणावेसे वाटते. मुलगा सोळा वर्षांचा झाला की त्याला मित्र मानावे, असे चाणक्यनीती सांगते. मी तयार आहे. परंतु मुलानेही बापाला मित्र मानावे अशी तरतूद चाणक्याने कुठे केलेली दिसत नाही.

यंदाच्या मे महिन्यात हा मुलगा घरात होता. ‘होता’ यापलीकडे त्याच्याबद्दल काही सांगता येणार नाही. पलंगावर आडवा, हातात मोबाईल. रेंज असली की मोबाईलकडे पाही, रेंज गेली की छताकडे. दोन्हीकडे पाहताना चेहरा सारखाच.

“अहो, तो काहीच करत नाही,” ही म्हणाली.

“काहीच करत नाही म्हणजे नेमके काय करत नाही?”

“तेच तर. विचारलं तर म्हणतो, काही नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे खोटं बोलत नाही.”

हिच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती, म्हणून मी हसण्यावारी नेले नाही. त्याच्याबरोबरचे दोन सोबती क्लाससाठी पुण्याला गेले, एकाच्या वडिलांची बदली झाली. ज्या कट्ट्यावर सहाजण बसत तिथे आता हा एकटा जाऊन परत येतो. शेजाऱ्यांनी गिटार सुचवली, ॲबॅकस सुचवले, वैदिक गणित सुचवले. सगळे क्लास कराडला, म्हणजे पन्नास-साठ किलोमीटर. जाऊन येऊन दिवस संपतो, हा त्यांच्या दृष्टीने क्लासचा मुख्य फायदा.

मी कॉमर्सचा माणूस. जुनी खाती तपासल्याशिवाय नवे कर्ज देऊ नये, हा आमचा नियम. तेव्हा क्लासची फी भरण्याआधी या मुलखातल्या पोरांनी आजवर फावल्या वेळाचे काय केले, याची खतावणी मांडायला बसलो.

पहिली दोन नावे न शोधताच आली. ज्ञानेश्वरांनी पंधराव्या वर्षी ज्ञानेश्वरी सांगितली आणि शिवाजी महाराजांनी सोळाव्या वर्षी तोरणा घेतला. या दोन थोर मुलांनी महाराष्ट्रातल्या यच्चयावत मुलांवर पिढ्यान्‌पिढ्या केवढे ओझे टाकले आहे, याची त्यांना कल्पना नसेल. मीही परंपरेला अनुसरून तोरण्याचा दाखला दिला. चिरंजीवांनी मोबाईलवरची नजर न काढता विचारले, “बाबा, तुम्ही सोळाव्या वर्षी काय घेतलंत?”

“कॉमर्सला प्रवेश,” मी म्हणालो. त्या विषयावर मग दोन्ही बाजूंनी पडदा पडला.

पडद्यावरून आठवले. सांगलीला विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ उभे केले आणि त्यानंतरची साठ-सत्तर वर्षे या भागातल्या आईबापांना पोरगा नाटकात जाईल ही धास्ती होती. ती अगदीच खोटी नव्हती. नारायण श्रीपाद राजहंस नावाचा मुलगा १९०५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, किर्लोस्कर मंडळीत गेला आणि मिरजेत शकुंतला होऊन उभा राहिला. त्यांचेच पुढे बालगंधर्व. मास्टर दीनानाथांनी तर १९१८ साली, आपल्या अठराव्या वर्षात, बळवंत संगीत मंडळीच काढली. अठरा वर्षांच्या मुलाला आज आमची बँक मोटारसायकलचे कर्ज देताना जामीनदार मागते! तेव्हाच्या बापांची तक्रार मुलगा काही करत नाही अशी नव्हती. भलतेच काहीतरी करतो अशी होती. तक्रारीचा हा प्रकार मला जास्त आवडतो.

आता औंध. इथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे चित्रे काढत, कीर्तन करत आणि सूर्यनमस्कार घालत. पहिल्या दोन गोष्टी त्यांनी स्वतःपुरत्या ठेवल्या, तिसरी मात्र संस्थानातल्या सगळ्या शाळांना लावली. नमस्कारांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनमध्ये निघाले. तत्त्व सोपे होते: पोरगे पहाटे घामाघूम झाले की दिवसभर त्याच्या डोक्यात नसते विचार येत नाहीत. राजाला हे जमते, कारण त्याला हुकूम काढता येतो. मी घरात तसा हुकूम काढून पाहिला असता, पण संस्थाने विलीन झाली आहेत.

भाऊराव पाटलांचा मार्ग निराळा. त्यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळ काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह सुरू केले. सगळ्या जातींची पोरे एका पंगतीला बसवली. पोरांकडे पैसे नव्हते, संस्थेकडेही नव्हते. एकदा मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंना मंगळसूत्र मोडावे लागले. मग मुलांनी शेतात राबावे, खडी फोडावी, स्वयंपाक करावा आणि शिकावे: कमवा आणि शिका. भाऊराव स्वतः एके काळी किर्लोस्करांचे नांगर विकत फिरलेले, त्यामुळे कष्टाचा बाजारभाव त्यांना ठाऊक होता. ही कहाणी सांगून मुलांना लाजवण्याची पद्धत आहे. मी ती पाळणार नाही. त्या पोरांनी फावला वेळ सत्कारणी लावला असे म्हणणे म्हणजे उपाशी माणसाने एकादशी चांगली केली असे म्हणण्यासारखे आहे. त्यांना फावला वेळ नव्हताच.

आणि मुलींना तर बँकेच्या भाषेत खातेच उघडून दिलेले नव्हते. माझी आत्या चौदाव्या वर्षी काय करत असे म्हणून विचारले, तर ती म्हणाली, “पाणी.” मी म्हटले, आणि पाणी आणून झाल्यावर? ती म्हणाली, “आणून झालं असं कधी होतं का रे?” एवढ्यावर मुलाखत संपली.

याला एक जबरदस्त अपवाद सापडला. १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यात, आज ज्याला आपण सांगली जिल्हा म्हणतो तो भाग धरून, प्रतिसरकार चालले. क्रांतिसिंह नाना पाटील पुढारी, आणि त्याची फौज म्हणजे तुफान सेना. सैनिक कोण? कुंडल आणि आसपासच्या गावांतली विशीच्या आतबाहेरची पोरे. ७ जून १९४३ रोजी त्यांनी शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी आगगाडी अडवली. कॅप्टन भाऊ आणि जी. डी. बापू लाड हे म्होरके. बापू तेव्हा वीस वर्षांचे. रक्कम हाती लागली १९,१७५ रुपये. आकडा हजारात गोल न करता इतक्या वर्षांनंतरही जसाच्या तसा सांगितला जातो, हे पाहून कॅश काउंटरवर वर्षे घालवलेल्या माणसाला त्या मंडळींबद्दल दुप्पट आदर वाटला. पुढच्याच वर्षी यांनी धुळ्याकडे जाऊन चिमठाण्याला सरकारी खजिना लुटला. त्याची रक्कम ऐकून आमच्या मॅनेजरांनी खुर्चीतच आवंढा गिळला.

पण अपवाद म्हणालो तो हौसाबाईंचा. या नाना पाटलांच्या कन्या. १९४३ साली भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर एका दारुड्या नवऱ्याने बायकोला मारायला सुरुवात केली. बाईने हंबरडा फोडला. नवरा डोक्यात घालायला दगड शोधू लागला. पोलीस धावत बाहेर आले, नवऱ्याला आवरले, दोघांची समजूत घातली. संसारात असे चालायचेच वगैरे. तेवढ्यात तुफान सेनेच्या पोरांनी आत शिरून बंदुका आणि काडतुसे काढून नेली. नवरा खोटा, दारू खोटी, भांडण खोटे. बायको म्हणजे हौसाबाई. वय वर्षे सतरा, पदरी लहान मूल. मार मात्र जरा जास्तच खरा झाला, अशी त्यांची तक्रार वयाच्या नव्वदीनंतरही शिल्लक होती. २०२१ साली त्या गेल्या. विष्णुदास भाव्यांच्या जिल्ह्यात झालेला हा प्रयोग रंगभूमीच्या इतिहासात का घेत नाहीत, मला समजत नाही.

हे वाचताना खतावणीत एक गोष्ट ध्यानात येऊ लागली. बाळासाहेब पंतांपासून आमच्या शेजाऱ्यांपर्यंत सगळ्या वडीलधाऱ्यांना पोरांचा वेळ भरायचा असतो, पोतेभर धान्य भरावे तसा. आणि शेणोलीच्या पोरांना कोणी वेळ भरायला बोलावले नव्हते; ती नसती तर गाडी अडली नसती. हौसाबाईंना ‘व्यक्तिमत्त्व विकासासाठी अभिनय’ या वर्गाला घातले नव्हते. ती चौकी फुटायची होती, आणि रडायला कोणीतरी हवे होते. आता आमच्या चिरंजीवांनी गाडी अडवावी असे माझे म्हणणे नाही. सरकारी कागदपत्रांवर सही करणाऱ्या माणसाला असले म्हणणे परवडतही नाही.

मग कोयनेची पाळी आली. १०३ मीटर उंचीचे धरण, १९६२ साली पहिल्या टप्प्याची वीज, आणि शिवाजीसागराच्या पोटात सुमारे शंभर गावे. तिथल्या पोरांचे पोहण्याचे डोह आणि सूरपारंब्यांची झाडे गेली पाण्याखाली. पोरे गेली ठाणे, सोलापूरपर्यंत पुनर्वसनाच्या जागी, जिथे त्यांना कोणी ओळखत नव्हते. इकडे प्रकल्पाच्या वसाहतीत देशभरातून आलेल्या कर्मचाऱ्यांची मुले. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला, हातात बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा. वडील आले की वर भूगोल, खाली काळापहाड. ही पद्धत आम्हीही वापरली आहे. वस्तू बदलते, भूगोल तोच.

ही माहिती मला पुस्तकात मिळाली नाही. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला आमच्या शाखेत पेन्शनर मंडळी येतात. काउंटरच्या अलीकडे उभा राहून ‘आपण जिवंत आहात का?’ हे सभ्य शब्दांत विचारण्याचे काम माझ्याकडे असते. त्यांत पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत. मशीनवर त्यांच्या बोटाचे ठसे उठत नाहीत, त्यामुळे ते जिवंत असल्याचे सिद्ध होईपर्यंत आमच्या भरपूर गप्पा होतात.

११ डिसेंबर १९६७, सोमवार, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटे. काका तेव्हा तेरा वर्षांचे. सुमारे पावणेदोनशे माणसे गेली, दीड हजारावर जखमी झाली, वसाहतीतली बहुतेक घरे पडली नाहीतर राहण्याजोगी उरली नाहीत. वीज तुटल्याने मुंबईचे कारखाने थांबले, एवढे पेपरात आले होते. काकांचे घर बसले. ही मंडळी अंगणात निजलेल्या म्हशीच्या आधाराने उजाडेपर्यंत उभी राहिली.

“मग शाळा?”

“कुठली शाळा सायेब? भिंतच नाय तर घंटा कशाला अडकवायची? तंबूत व्हतो. दिवसभर मोकळा. एवढा मोकळा टाइम जन्मात मिळाला नाय. आन् तो नको वाटायचा.”

तिसऱ्या का चौथ्या दिवशी शेजारच्या तंबूतल्या एका म्हातारीने त्यांच्या हातात एक कोरे कार्ड दिले. तिचा लेक मुंबईला गिरणीत. पोराने लिहून दिले की आम्ही सुखरूप आहोत, घर पडले, काळजी करू नये. ते पाहून दुसरी आली. मग रांग लागली. महाराष्ट्रातला एकही जिल्हा सुटला नसेल एवढी कार्डे लिहिली, म्हणाले. सुखरूप नसलेल्यांचीही लिहिली. ती कशी लिहायची हे सांगणारे कोणी नव्हते, तर वडिलांना विचारून पहिली दोन लिहिली आणि पुढची स्वतःच.

“अक्षर चांगलं व्हतं माझं,” एवढेच ते म्हणाले. तेवढ्यात मशीनने त्यांच्या अंगठ्याचा ठसा मान्य केला. गंमत म्हणजे मघापासून मीही तेच तर करत होतो: हा गृहस्थ सुखरूप आहे असे वरच्या ऑफिसला कळवणे.

ही हकीकत मी घरी जेवताना सांगितली. मुलगा घास हातात धरून ऐकत होता. शेवटी म्हणाला, “एवढी कार्डं कुठं मिळाली त्यांना?” हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी म्हटले, “तूच विचार.”

आता तुम्हाला वाटेल की तो दुसऱ्याच दिवशी काकांकडे गेला. छे! नोव्हेंबर गेला, परीक्षा झाल्या, मे महिना त्याने वर सांगितल्याप्रमाणे छताकडे पाहून काढला. जंगलात जा म्हणावे तर आजूबाजूचे रान १९८५ पासून अभयारण्य आणि २०१० पासून व्याघ्र प्रकल्प. काकांनी करवंदे खाल्ली तिथे आज वनखात्याची परवानगी लागते. वाघापेक्षा तो अर्ज भरणे अवघड.

जूनच्या पहिल्या आठवड्यात काका पासबुक भरायला आले तेव्हा हा डबा द्यायला शाखेत आला होता. त्याने कार्डांचे विचारले. (कार्डे पोस्टमनने आणून दिली होती, पैसे कोणी दिले ते काकांनाही अजून ठाऊक नाही.) बोलता बोलता पाऊस निघाला. पावसाळाभर आमच्याकडच्या पेपरात रोज एक चौकट असते: कोयना, नवजा, महाबळेश्वर, किती मिलिमीटर. १ जूनपासून धरणाचे नवे वर्ष धरतात आणि १०५ टीएमसीच्या टाकीत किती आले यावर सगळ्या कृष्णाकाठचा जीव टांगलेला असतो. काका म्हणाले, ही चौकट धरणाजवळची. आमच्या वस्तीवर डोंगराआड पाऊस निराळाच पडतो, आणि खालच्या ओढ्याला पाणी केव्हा चढणार ते त्या पावसावर. पूर्वी ते स्वतः मोजत. आता डोळे चालत नाहीत, काचेवरची रेघ दिसत नाही.

“मी वाचून देईन,” चिरंजीव म्हणाले.

हे वाक्य मी काउंटरच्या आतून ऐकले आणि हातातल्या नोटा पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या.

पाऊस सकाळी साडेआठला मोजायचा असतो, असा हवामान खात्याचा नियम आहे. त्यामुळे सुटीत साडेआठला जागा झालेला मुलगा आम्ही पाहिला. सरळ बाजूंचा डबा, त्यात पट्टी, वर नरसाळे. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री डबा भरून सांडला आणि आकडा बुडाला, म्हणून दुसरा उंच डबा आला. छत्री धरून चिखलातून वस्तीपर्यंत जातो, भिजून येतो, हिची बोलणी खातो. मोबाईल सुटला म्हणाल तर मुळीच नाही. आकडे आधी वहीत जातात आणि मग मोबाईलवरून ओढ्याकाठच्या आठ-दहा घरांना. एके दिवशी ताप होता म्हणून गेला नाही, तर दहा वाजता काठावरच्या एका बाईंचा फोन: आज किती, अजून कळवले नाही?

अजून दहावीचे वर्ष आहे, शिकवणी आहे, आणि पावसाळा सप्टेंबरात संपतो. ऑक्टोबरात त्याचे काय करायचे ते मला माहीत नाही, त्यालाही नाही. सध्या घरात निराळेच भांडण चालू आहे. काकांचे म्हणणे, डबा फणसाच्या फार जवळ ठेवला आहे, पानावरचे थेंब आत पडतात, म्हणून पोराचा आकडा दहा-पंधराने जास्त येतो. पोराचे म्हणणे, फणस पावसाच्या उलट्या बाजूला आहे, उलट आकडा कमीच येत असेल. परवा दोघे पावसात उभे राहून अर्धा तास वाद घालत होते. मी छत्री घेऊन गेलो तर दोघांनीही मला, जरा बाजूला व्हा, छत्रीचे पाणी डब्यात जाते आहे, असे सांगितले.